धडधड: पॅनिक अटॅक की एसव्हीटी?

छातीत एकाएकी धडधड, घाम, हातपाय थरथरणं, ‘आता काही खरं नाही’ ही भीती. हे वर्णन पॅनिक अटॅकचं आहे आणि एसव्हीटीचंही (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया, म्हणजे हृदयाची लय बिघडून ठोके एकदम वाढणं). एसव्हीटीत हृदयातला विद्युत्-संदेश पुढे जाऊन थांबण्याऐवजी गोल फिरत राहतो आणि ठोके धावू लागतात. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका ओसरतो, ईसीजी नॉर्मल येतो, आणि ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं जातं. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसव्हीटी सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांपैकी ६७ टक्के जण पॅनिक डिसऑर्डरच्या (वारंवार पॅनिक अटॅक येण्याच्या विकाराच्या) निकषांत बसत होते. निम्म्याहून अधिक जणांची एसव्हीटी पहिल्या तपासणीत निसटली होती, आणि ‘हे मनाचं आहे’ असं बायकांना पुरुषांपेक्षा जास्त वेळा सांगितलं गेलं होतं. म्हणजे नुसती लक्षणं जुळली म्हणून पॅनिकचा शिक्का मारणं चूकच.

खरा फरक दिसतो तो झटका सुरू होताना आणि संपताना. एसव्हीटी बटण दाबावं तशी सुरू होते, पुष्कळदा खाली वाकून उठताना, आणि तशीच झटक्यात थांबते. पॅनिकमध्ये ठोके चढत जातात, साधारण दहा मिनिटांत कळस गाठतात आणि हळूहळू उतरतात. एसव्हीटीत नाडी बहुधा मिनिटाला १५० ते २२० च्या दरम्यान, घड्याळासारखी नियमित असते; पॅनिकमध्ये बसल्याजागी ती १५० च्या पुढे क्वचितच जाते. मानेकडेही बघा. एसव्हीटीच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात हृदयाचे वरचे-खालचे कप्पे जवळजवळ एकदम आकुंचन पावतात, रक्त मानेच्या शिरांत उलट फेकलं जातं आणि गळ्याशी शर्टाची कॉलर उडताना दिसते. झटक्यानंतर भरपूर लघवी होणं हीसुद्धा एसव्हीटीची खूण. ओठांभोवती, बोटांत मुंग्या येणं मात्र जोरजोरात श्वास घेतल्याचा परिणाम आहे. तो दोन्हींत दिसतो, त्यावरून काही ठरवू नका.

निकाल लागतो तो झटका चालू असताना काढलेल्या ईसीजीवरच. झटके रोज येत असतील तर २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र) चालेल. महिन्यातून एकदा येत असतील तर त्यात बहुधा काहीच सापडत नाही. अशा वेळी इव्हेंट रेकॉर्डर (जवळ बाळगून झटक्याच्या वेळचा ईसीजी नोंदवणारं यंत्र) किंवा ईसीजी काढणारं स्मार्टवॉच मागा. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर ठोक्यांचा अंदाज देतो, पण नाडी फार वेगात आणि क्षीण असेल तर तो चुकतो.

एसव्हीटीचं निदान झालं असेल तर डॉक्टरांकडून ही युक्ती शिकून घ्या: अर्धवट टेकून बसायचं, १० मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, मग लगेच कोणीतरी आपल्याला सपाट निजवून पाय ४५ अंशांवर १५ सेकंद धरायचे. ब्रिटनमधल्या २०१५ च्या चाचणीत यामुळे ४३ टक्के जणांची लय पूर्ववत झाली. नुसतं बसून फुंकल्यावर १७ टक्क्यांची. पॅनिकमध्ये श्वास सावकाश सोडणं उपयोगी पडतं. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा वेगवान पण अनियमित नाडी असेल तर प्रयोग करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

एसव्हीटी सहसा जीवघेणी नसते, आणि अॅब्लेशनने (नळी घालून हृदयातली बिघाडाची जागा निकामी करण्याच्या उपचाराने) बहुतेकांची ती कायमची जाते. पण लयीचा विकार सापडला म्हणून मनाकडे बघायचं कारण संपत नाही. डेन्मार्कमधल्या हृदयरुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत लयीचे विकार असलेलेही होते. डिस्चार्जच्या वेळी चिंता किंवा नैराश्य असलेल्यांत पुढच्या वर्षभरात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. यातला काही भाग मुळातच आजार गंभीर असल्याचा असतो. पण खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालणं बंद करतो, फॉलो-अप टाळतो, हेही तितकंच खरं. आयसीडी (धोकादायक लय ओळखून शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवलेला रुग्ण तर पुढच्या शॉकच्या धास्तीने जिनाही चढेनासा होतो. त्याला समुपदेशन हवं, गरज पडली तर औषधही.

औषध निवडताना मात्र हृदयाचा विचार हवा. सिटालोप्रामसारख्या काही गोळ्या ईसीजीतलं क्यूटी अंतर (एका ठोक्यात हृदयाचे खालचे कप्पे विद्युत्-दृष्ट्या उत्तेजित होऊन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) वाढवतात, आणि ते फार वाढलं तर लय बिघडू शकते. म्हणून ६० वर्षांपुढे सिटालोप्रामचा डोस दिवसाला २० मिलिग्रॅमपलीकडे नेत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नैराश्याच्या काही औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना ताजा ईसीजी आणि सगळ्या गोळ्यांची यादी सोबत ठेवा.