शुगर नॉर्मल, तरी तहान का भागत नाही?

रात्रीतून सहा-सात वेळा लघवीला उठावं लागतं, उशाशी ठेवलेला तांब्या पुरत नाही. अशा माणसाला आपल्याकडे सगळे एकच सांगतात: शुगर तपासून घ्या. ती नॉर्मल आली की घरचे निर्धास्त होतात. पण त्याला फुप्फुसाचा कर्करोग असेल, तर एवढ्यावर थांबू नये. रोग मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीत शिरलेला असू शकतो.

मेंदूत पसरणाऱ्या कर्करोगांत फुप्फुसाचा पहिला. आतड्यातलं रक्त आधी यकृतातून जातं. फुप्फुसातलं मात्र हृदयाच्या डाव्या बाजूला येऊन थेट धमन्यांत शिरतं. त्यातून निघालेल्या कर्कपेशी मेंदूत जिथे रक्तवाहिन्या एकदम बारीक होतात, तिथे अडकतात. सुमारे 80 टक्के गाठी मोठ्या मेंदूत सापडतात, 15 टक्के लहान मेंदूत. पियूषिका, पिनिअल ग्रंथी, मेंदूतला द्रव तयार करणारं कोरॉइड प्लेक्सस ही ठिकाणं क्वचितची.

पियूषिका जेमतेम वाटाण्याएवढी. तिच्या पुढच्या भागाला रक्त मुख्यतः हायपोथॅलॅमस या तिच्या वरच्या मेंदूच्या भागातून फिरून येतं, मागच्या भागाला थेट धमनीतून. म्हणून कर्कपेशी मागेच जास्त रुजतात. आणि मूत्रपिंडाला पाणी राखायला लावणारं व्हेसोप्रेसिन नेमकं तिथूनच रक्तात सुटतं. ते आटलं की दिवसाला तीन लिटरहून जास्त, कधी दहा लिटरपर्यंत पाण्यासारखी लघवी होते. या ग्रंथीच्या साध्या गाठीत असं सहसा होत नाही, त्यामुळे डॉक्टरांना हा मोठा धागा मिळतो.

कधी कधी हा धागा लपून राहतो, आणि मला सर्वांत काळजी त्याचीच वाटते. ग्रंथीचा पुढचा भागही बिघडला, तर शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक घटतं आणि लघवी फारशी वाढतच नाही. थकवा, मळमळ, उतरलेलं बीपी यांचं खापर केमोवर फुटतं. मग कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टेरॉइड सुरू होतं आणि दोन-चार दिवसांत लघवीचा लोंढा लागतो. औषध बाधलं असं समजून ते परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं.

रक्तातलं सोडियम, लघवीची घनता आणि पियूषिकेवर रोख ठेवून केलेला एमआरआय यांतून बरंचसं कळतं. व्हेसोप्रेसिनसारखंच काम करणाऱ्या डेस्मोप्रेसिनच्या गोळीने किंवा नाकातल्या स्प्रेने काही तासांत तहान आटोक्यात येते. गाठीसाठी रेडिएशन आहे. कर्कपेशींतल्या ईजीएफआर नावाच्या जनुकात ठरावीक बदल असेल, तर मेंदूपर्यंत पोचणारी ओसिमर्टिनिबसारखी गोळीही आहे. तोवर घरच्यांनी चोवीस तासांची लघवी मोजून लिहून ठेवावी आणि तो आकडा कर्करोगतज्ज्ञांना स्वतःहून सांगावा.