टीएसएच २.५ च्या वर गेला, म्हणजे गोळी हवीच का?

वंध्यत्वावरील उपचारांआधीच्या रक्ततपासण्यांत टीएसएच बहुधा असतोच, आणि अहवालात ३.२ किंवा ३.८ असा आकडा दिसला की गोळी सुरू करायची की नाही, हा प्रश्न उभा राहतो. टीएसएच हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी तयार करते. थायरॉइड मंदावू लागली की तिला कामाला जुंपण्यासाठी ते वाढते. ते वाढलेले, पण थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, म्हणजे फ्री टी-४, अजून योग्य पातळीत, या अवस्थेला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात.

वाढलेले कशाला म्हणायचे, घोळ आहे तो इथे. प्रयोगशाळांची वरची मर्यादा साधारणतः लिटरमागे ४ ते ४.५ मिलियुनिट असते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०११ मध्ये गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीसाठी २.५ ही मर्यादा सुचवली आणि २०१७ मध्ये, स्थानिक संदर्भमूल्ये नसतील तेथे, ती ४ च्या आसपास नेली. जुना आकडा मात्र अनेकांच्या डोक्यात अजून ठाण मांडून आहे.

टीएसएच ४ च्या वर असेल आणि आयव्हीएफ करायचे असेल, तर लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची गोळी, देण्याला आधार आहे. गर्भारपणाच्या सुरुवातीचे कित्येक आठवडे गर्भाला थायरॉइडचे संप्रेरक आईकडूनच मिळते. शिवाय अंडाशयाला उत्तेजन देणाऱ्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन झपाट्याने चढते, त्यामुळे थायरॉइड संप्रेरकाला बांधून ठेवणारे प्रथिन रक्तात वाढते, मोकळे संप्रेरक घटते आणि टीएसएच वर जातो. निरोगी ग्रंथी हा भार पेलते, मुळात अशक्त असलेली कमी पडते. म्हणूनच टीएसएच इंजेक्शनांपूर्वी तपासावा किंवा त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी. मधल्या काळातला आकडा फसवा असतो.

टीएसएच योग्य मर्यादेत, पण थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे (स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) आढळलेली, अशा स्त्रियांनाही 'असू दे' म्हणून गोळी दिली जाते. वंध्यत्व किंवा गर्भपाताचा पूर्वेतिहास असलेल्या अशा ९५२ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांपैकी ३७.४ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. केवळ प्रतिपिंडांपोटी किंवा २.५ चा आकडा गाठण्यासाठी उपचारचक्र पुढे ढकलत राहणे मला तरी पटत नाही, कारण त्या महिन्यांत वय वाढतच असते.

औषध लागलेच, तर ते रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावे आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या, ज्या या काळात हमखास चालू असतात, चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. एरवी त्या औषध शोषू देत नाहीत. मात्रा बदलल्यावर चार ते सहा आठवडे थांबूनच टीएसएच पुन्हा पाहावा. आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीला गर्भधारणा होताच मात्रा साधारण पाव ते एक तृतीयांश वाढवावी लागते. डॉक्टर बहुधा आठवड्याला दोन जादा गोळ्या सांगतात आणि गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासतात.