नागवाकी आणि रोमन सर्पकडे

लग्नसराईत सोलापूरच्या सराफ बाजारात फिरताना नागाच्या आकाराचे दंडातले दागिने दोन तऱ्हांचे दिसतात. एक आजीच्या पेटीत शोभावी अशी नागवाकी, आणि दुसरे दंडाला तीन-चार वेढे घालणारे सापाचे कडे, ज्याचा नमुना मुळात ग्रीक आणि रोमन आहे. दोन्हींना सरसकट ‘नागाची वाकी’ म्हटले जाते, पण ती एका कुळातली नाहीत.

ओळखायचे ते डोक्यावरून. नागवाकीत फणा उभारलेला असतो, कारण मराठी मनाला फण्याशिवाय नाग पटत नाही. फणा नसला की तो नुसता साप. रोमन कड्याचे डोके लहान आणि चपटे असते; युरोपातल्या सापांना फणा नसतोच, त्यामुळे तिथल्या सोनाराने सगळे कसब खवल्यांवर आणि वेटोळ्यांवर खर्च केले. (इजिप्तच्या राजांच्या कपाळावरचा नाग मात्र फणा काढलेला असतो, हे ‘क्लिओपात्रा कडे’ म्हणून विकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.)

अर्थही वेगळे आहेत. ग्रीकांचा साप वैद्यदेव अस्क्लेपिअसच्या काठीला वेढा घालतो आणि कात टाकत असल्याने पुन्हा बरे होण्याची खूण ठरतो, तर रोमन घरांत तो देवघराच्या भिंतीवर राखणदार म्हणून रंगवलेला असे. पाँपेई या प्राचीन रोमन शहराजवळ मोरेजिने येथे 2000 साली सापडलेल्या सोन्याच्या सर्पकड्यावर आतल्या बाजूने ‘मालकाकडून आपल्या दासीला’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरले आहेत. ही माया होती की मालकीचा शिक्का, हे वाचणाऱ्याने ठरवावे. आपला नाग शंकराच्या दंडावरचा अलंकार आहे, आणि नागचतुर्थीला बायका त्याला भाऊ मानून उपवास करतात. सिद्धेश्वराच्या यात्रेत होमाच्या दिवशी नंदीध्वजाला नागफणी बांधलेली पाहणाऱ्या सोलापूरकराला दंडावरचा फणा परका वाटण्याचे कारणच नाही.

घालण्याच्या सोयीतही फरक आहे. वाकीच्या नावातच वाक आहे. शहरातल्या तेलुगू आणि कन्नड घरांतही तिला वंकी म्हणतात, आणि त्या घडणीत समोरच्या बाजूला टोकदार वाक असल्याने ती दंडाला न काचता बसते. बाजूबंद गोंड्याच्या दोरीने बांधावा लागतो, तसे वाकीचे नाही. जड वेटोळे मात्र घसरते: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इ.स.पू. 200 च्या सुमाराचा सोन्याच्या ग्रीक दंडकड्यांचा जोड आहे, सर्पाकृती शेपटीच्या जलदेवतांचा, आणि त्यांच्या डोक्यांमागे बाहीला अडकवण्यासाठी कड्या ठेवलेल्या आहेत. खणाच्या चोळीवर असे वेटोळे घालायचेच असेल, तर बाहीला एक टाका घालून घ्यावा.