वाचाघातावरील ॲक्युपंक्चर

पक्षाघातात मेंदूच्या भाषाकेंद्रांना इजा झाली की बोलणे, समजणे, वाचणे किंवा लिहिणे बिघडते. या वाचाघातावर वाक्-उपचाराला जोड म्हणून ॲक्युपंक्चर दिले जाते. जीभ-ओठ अशक्त होऊन बोबडेपणा येतो तो दोष निराळा. त्यात शब्द सुचतात, उच्चार फसतो. हा फरक वाक्-उपचारतज्ज्ञाने ठरवल्याशिवाय सुया लावू नयेत. झटका आल्यावर पहिली धाव मात्र रुग्णालयाकडेच हवी, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

डोक्याच्या त्वचेवरील पद्धत जियाओ शुन्फा यांनी 1970च्या दशकात चीनमध्ये मांडली. समजते पण बोलता येत नाही, अशा रुग्णात कारक रेषेचा (हालचाली चालवणाऱ्या मेंदूभागाच्या वर, डोक्याच्या त्वचेवर मानलेल्या रेषेचा) खालचा दोन-पंचमांश भाग घेतात. समजच गेली असेल तर कानाच्या टोकाच्या 1.5 सेंमी वरून मागे जाणारी 4 सेंमीची आडवी रेषा. इजा मेंदूच्या ज्या बाजूला, सुया त्याच बाजूला. निर्जंतुक, एकदाच वापरायची 0.25 ते 0.30 मिमी जाडीची सुई 15 ते 30 अंशांत तिरकी घालतात. ती त्वचेखालच्या सैल थरात शिरली की बोटाला विरोध एकदम कमी लागतो. विरोध कायम राहिला किंवा जोराने दुखले तर सुई थोडी मागे घेऊन कोन बदलावा. मिनिटाला सुमारे 200 वेळा या गतीने दोन-तीन मिनिटे फिरवून ती अर्धा तास ठेवतात. या अर्ध्या तासात वस्तूंची नावे घेण्याचा सराव करून घ्यावा. रुग्णाला नुसते पडून ठेवले तर वेळ वाया जातो.

मनगटाजवळचा तोंगली आणि हनुवटीखालचा लियानच्वान हे बिंदूही वापरतात. मानेमागच्या यामेन बिंदूत सुई वर, कवटीच्या दिशेने गेली तर मेंदूच्या देठाला इजा होऊ शकते. तो नवशिक्याने टाळावा. शस्त्रक्रियेत कवटीचे हाड काढले असेल तिथे सुई लावायचीच नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुई काढल्यावर कापसाने जास्त वेळ दाबून धरावे. उपाशीपोटी चक्कर येते. केसांत सुई राहून जाते, म्हणून लावताना आणि काढताना मोजावी. ‘दुखतंय’ हे रुग्ण सांगू शकत नाही, ही खरी अडचण. उजवा हात लुळा असल्यास डाव्या हाताची खूण आधी ठरवून घ्यावी.

2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चीनमधील 252 रुग्णांच्या चाचणीत भाषासराव दोन्ही गटांना होता. खऱ्या सुयांच्या गटाची सुधारणा खोट्या सुयांच्या गटापेक्षा अधिक दिसली. मात्र या विषयावरील बरेच जुने अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. सुयांच्या भरवशावर भाषासराव सोडणे रुग्णाच्या हिताचे नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे ॲक्युपंक्चर भारतात आणले. कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक होते.

सोलापुरात घरात तेलुगू, कन्नड किंवा दख्खनी आणि बाहेर मराठी बोलणारे पुष्कळ आहेत. दोन भाषा सारख्याच परततील असे नाही. त्यामुळे उपचारापूर्वी आणि नंतर दोन्ही भाषांत तपासणी करावी, आणि सरावाला रुग्णाच्या रोजच्या वापरातले शब्द घ्यावेत: यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला धोटा, सूत, चादर, घर चालवणाऱ्या बाईला तवा, भाकरी, शेंगाचटणी.