गावातला जुना लॅपटॉप आणि लिनक्सपर्यंतची वाट

दिवाळीच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद केले. त्यानंतर दोन-चार दिवसांत शेजारचे काका पिशवीत लॅपटॉप घालून माझ्याकडे आले. २०१६ मध्ये मोठ्या मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. मुलगी आता पुण्याला नोकरीवर आहे आणि लॅपटॉप अकरावीतल्या धाकट्याकडे आला आहे. झाकण उघडून काकांनी स्क्रीनवरची सूचना दाखवली. "भाऊ, हा आता चालत नाही म्हणते कंपनी. काऊन? चांगला तं चालून राहिला."

काकांचं म्हणणं खरं आहे. लॅपटॉप चांगला चालतो. पण विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्याआधीची मशीन कितीही धडधाकट असली तरी कंपनीच्या यादीत बसत नाही. नोंदणी केली तर विंडोज १० ला आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, अपडेट मिळतात. त्यानंतर पुन्हा तोच प्रश्न उभा राहणार.

आमच्या दारव्हा तालुक्यात, किंवा आर्णी, दिग्रस, मोर्शी, अकोट कुठेही गेलात तरी अशी मशीन घराघरांत दिसते. पोरांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन घेतलेली वस्तू कुणी भंगारात टाकत नाही, आणि टाकूही नये. तिच्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी खुली, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, टाकता येतं. ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीही खरी होती. मग इतकी वर्षं ते आपल्या घरात का आलं नाही? मला वाटतं, हे नीट समजून घेतल्याशिवाय आजची निवड नीट होणार नाही.

सुरुवात थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. ज्याचा प्रोग्राम कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना बनवायची होती. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण एक कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिहीत असल्याचं जाहीर केलं. १९९२ मध्ये त्याने तो गाभा स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखाली आणला आणि दोन्ही कामांचा सांधा जुळला.

हा परवाना काय आहे ते कापूसवाल्याला लगेच कळतं. पूर्वी शेतकरी आपल्याच कापसाची सरकी पुढच्या हंगामाला ठेवायचा, शेजाऱ्याला द्यायचा, चांगल्या झाडाची वेगळी राखायचा. १९७० मध्ये एच-४ हे संकरित वाण आलं, पुढे २००२ मध्ये बीटी आलं, आणि दर मृगाला कृषी केंद्रासमोर उभं राहून पाकीट घेणं सुरू झालं. संकरिताची सरकी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरली तर तसं पीक येत नाही. जीपीएलचं सॉफ्टवेअर राखून ठेवलेल्या सरकीसारखं आहे. पेरा, वाटा, सुधारा. अट एवढीच की सुधारलेलं वाण पुढे दिलंत तर त्याची सरकीही, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सोबत द्यायची, अडवून ठेवायची नाही.

भारतात १९९६ मध्येच पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली होती. पण तेव्हा आमच्या गावात फोनच मोजक्या घरी होते, कॉम्प्युटर कुठला असणार! गावातल्या पोरांनी कॉम्प्युटर पाहिला तो त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, तालुक्याच्या क्लासमध्ये. २००१ मध्ये एमकेसीएलची, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची, स्थापना झाली, एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम आला आणि सरकारी नोकरीच्या अर्जात त्या प्रमाणपत्राची अट येऊ लागली. जुन्या भातगिरणीच्या वरच्या मजल्यावर, शाळेमागच्या खोलीत, जिथे जागा मिळेल तिथे क्लास सुरू झाले. त्या अभ्यासक्रमाने गावातल्या कितीतरी मुलींना पहिल्यांदा माऊस हातात दिला, हे मोठं काम झालं. पण शिकवलं ते विंडोज, वर्ड आणि एक्सेल. त्यामुळे आमच्या पिढीसाठी 'कॉम्प्युटर येतो' याचा अर्थच 'विंडोज येतं' असा झाला.

लिनक्स न येण्याचं सगळ्यात मोठं कारण मी हेच मानतो. लोक म्हणतात, लिनक्स फुकट असूनही चाललं नाही. अहो, गावात विंडोजही फुकटच होतं! नागपूरला सीताबर्डीवर जाऊन मशीन असेंबल करून आणायची आणि जोडणाऱ्यानेच त्यात विंडोज एक्सपी 'टाकून' द्यायचं, अशी रीत होती. लायसन्स हा शब्द त्या व्यवहारात कुणी उच्चारत नव्हतं. दोन्हींची किंमत शून्य असल्यावर माणूस तेच घेणार जे क्लासमध्ये शिकलं आणि जे बिघडलं तर चौकातला पोरगा दुरुस्त करेल.

दुसरी गाठ मराठीची होती, आणि ती जास्त किचकट होती. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा त्यात मराठी अक्षरं नीट जुळायला हवी असतील तर भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करायची आणि मूळ सीडी घालायची. ती सीडी बहुतेकांकडे नसायचीच. मग कार्यालयांतून आणि झेरॉक्सच्या दुकानांतून जुनाच रस्ता चालू राहिला: सुरेख, शिवाजी, श्रीलिपी, कृतीदेव. या फॉन्टमध्ये मजकूर मराठी दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा ढीग असतो. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला की तहसीलचा अर्ज म्हणून नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं उघडायची.

खरं तर पाया आधीच घातला गेला होता. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे मानक १९९१ मध्ये आलं, पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने त्यावर बरंच काम केलं, आणि जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. पण मानक असणं वेगळं आणि गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवलं जाणं वेगळं. इन्स्टिट्यूटमध्ये बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या जुन्या कळफलकावर, बसलेली होती.

इथे लिनक्सच्या स्वयंसेवकांनी केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. इंडलिनक्ससारख्या गटांनी भारतीय भाषांची बाजू धरली. रेड हॅट या लिनक्स कंपनीने लोहित देवनागरी हा फॉन्ट खुला केला आणि पुण्यात बसून माणसांनी मेनूतला एकेक शब्द मराठीत आणला. आपल्या 'दुसऱ्या' किंवा 'सुऱ्या'मधला तो आडवा, पापणीसारखा र आठवा. हिंदीला तो लागत नाही, म्हणून कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये तो मोडका दिसायचा. 'दुसर्या' असं काहीतरी उमटायचं. तो नीट दिसावा म्हणून कुणीतरी बसून चुका नोंदवल्या आणि सुधारल्या. आज लिनक्सवर इन्स्क्रिप्ट कळफलक चालू केला की शिफ्ट धरून 'जे' (J) ची कळ दाबायची, मग 'डी' (D) ची, मग तिरक्या रेघेची (/): ऱ्य. वेगळी सीडी नाही, वेगळा फॉन्ट नाही.

लिनक्सशी माझी स्वतःची ओळख २००८ ची. उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली सिस्टीम ऑक्टोबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि मागेल त्याला ते टपालाने सीडी पाठवायचे, अगदी मोफत. मी सायबर कॅफेतून पत्ता भरला आणि विसरून गेलो. काही आठवड्यांनी पोस्टमनदादा परदेशी शिक्क्यांचं पाकीट घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा आईला वाटलं काहीतरी कोर्टाचं आलं. आत पुठ्ठ्याच्या कव्हरमध्ये ८.०४ ची सीडी होती. ही योजना २०११ मध्ये बंद झाली. ते पाकीट मी अजून जपून ठेवलं आहे.

त्या सीडीचा खरा उपयोग मला पेन ड्राइव्हने शिकवला. त्या काळात झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला की तो व्हायरस घेऊनच परत यायचा. आत पिवळ्या फोल्डरचं चित्र असायचं, नाव 'न्यू फोल्डर'. विंडोज शेपटीकडचं नाव लपवायचं, त्यामुळे तो फोल्डर नसून प्रोग्राम आहे हे दिसायचंच नाही. डबल क्लिक केलं की मशीन गेली. एका मित्राचा बी.एड.चा प्रकल्प असाच अडकला. मी उबुंटूची सीडी घालून, इन्स्टॉल न करता, सीडीवरूनच मशीन चालू केली. पेन ड्राइव्ह उघडला तर 'न्यू फोल्डर.ईएक्सई' पूर्ण नावासकट समोर, शेजारी 'ऑटोरन.आयएनएफ', आणि लपवून ठेवलेला खरा फोल्डरही. दोन फायली पुसल्या, प्रकल्प कॉपी करून दिला. पाच मिनिटांचं काम होतं. त्या दिवसापासून लोक मशीन घेऊन माझ्याकडे येऊ लागले.

एक चूकही सांगितली पाहिजे, कारण ती आजही कुणाच्याही हातून होऊ शकते. नात्यातल्या एका घरी लिनक्स टाकताना मी 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला. त्या डिस्कवर त्यांच्या लग्नाचे फोटो होते. दुसरीकडे कुठेही नव्हते. ते परत आले नाहीत. तेव्हापासून कुणाचीही मशीन हातात घेतली की आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवतो, मालकाला ते उघडून दाखवतो आणि मगच पुढे जातो.

दरम्यान आपल्याच देशात वेगळा रस्ता धरलेली माणसं होती. केरळने आयटी@स्कूल प्रकल्पातून शाळा लिनक्सवर नेल्या, दहावीच्या आयटी परीक्षेसकट. तिथल्या मुलांना 'कॉम्प्युटर येतो' म्हणजे लिनक्स येतं. आमची आणि त्यांची मुलं सारखीच हुशार आहेत. फरक वर्गात काय ठेवलं याचा आहे. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स आणलं, केंद्र सरकारने २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचं धोरण जाहीर केलं, पण गावातल्या घरापर्यंत त्यातलं फारसं पोचलं नाही. पोचण्यासारखी एक गोष्ट मात्र आयआयटी मुंबईने केली आहे: स्पोकन ट्युटोरियल. लिनक्स, लिबर ऑफिस (वर्ड-एक्सेलसारखे मोफत प्रोग्राम), जिम्प (फोटो सुधारायचा प्रोग्राम) यांचे छोटे धडे, आणि त्यातले कितीतरी मराठीत. क्लासच्या फीला पैसे नसलेल्या मुलाला मी आधी तेच लावून देतो.

२०१४ मध्ये एक्सपीचे अपडेट संपले, जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चे संपले. दोन्ही वेळा गावात कुणाला फरक पडला नाही; तेव्हा या मशीन इंटरनेटला क्वचितच जोडलेल्या असायच्या. आता तसं राहिलं नाही. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि हळूहळू बँक, पीक विमा, शिष्यवृत्ती, सातबारा सगळं ब्राउझरमध्ये आलं. अपडेट बंद झालेल्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकणं म्हणजे कवाड उघडं ठेवून लग्नाला जाणं. म्हणून या वेळचा १४ ऑक्टोबर मागच्या दोन तारखांपेक्षा गंभीर आहे असं मी काकांना सांगितलं.

आणि याच बदलाने जुन्या गाठी सैल केल्या. कामं ब्राउझरमध्ये आली की खाली विंडोज आहे की लिनक्स, याने फारसं बिघडत नाही. युनिकोड सगळीकडे आलं. शिवाय अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे, म्हणजे ज्यांना लिनक्सची भीती वाटते त्यांच्या खिशात ते कधीचं चालू आहे.

तरी सगळ्या गाठी सुटल्या असं मी म्हणणार नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्याने अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ते मशीन कॉम्प्युटरला ओळखू देणारा प्रोग्राम, लिनक्सवर चालतो का हे आधी पाहावं. खात्री नसेल तर केंद्रातला कॉम्प्युटर विंडोजवरच ठेवावा. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदारालाही मी तेच सांगतो. सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीने सराव त्याच प्रोग्रामवर करावा ज्यावर परीक्षा होते. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर लगेच चालतात, काही छोटे लेझर प्रिंटर मात्र दिवस खातात. पण ही दुकानाची कामं झाली. घरातला अभ्यास, अर्ज, बँक, फोटो, सिनेमा आणि पत्रं यांसाठी लिनक्स आज पुरेसं आहे, हे मी आजवर बसवलेल्या मशीन पाहून सांगतो.

कोणतं लिनक्स, तर जुन्या लॅपटॉपसाठी मी मिंट या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतो. मिंट २००६ पासून आहे, मेनू खाली डावीकडे असल्याने विंडोजवरून आलेला माणूस गोंधळत नाही, आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. गूगलचं क्रोमओएस फ्लेक्सही जुन्या मशीनवर चालतं, पण त्याचा जीव इंटरनेटमध्ये आहे आणि आमच्याकडे पावसाळ्यात टॉवरच दोन-दोन दिवस बंद असतो. फार जुनी ३२-बिट मशीन असेल तर पर्याय कमी होत चालले आहेत. डेबियन या जुन्या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत त्यांच्यासाठीचं इन्स्टॉलेशन बंद केलं.

काकांच्या लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घातली. फोटो आणि मोठ्या मुलीचे प्रोजेक्ट आधी उतरवून काकांना दाखवले. आधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालू करून धाकट्याला तासभर खेळू दिलं. वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं चाललं, मग इन्स्टॉल केलं. मराठी कळफलक जोडल्यावर त्याने पहिलं वाक्य आजीला उद्देशून लिहिलं आणि त्यात 'दुसऱ्या' हा शब्द होता. काकांनी महाभूलेख उघडून स्वतःचा सातबारा पाहिला. त्यांचा प्रिंटर मात्र त्या दिवस खाणाऱ्यांपैकी निघाला. तो येत्या रविवारी घेऊन बसायचं ठरलं आहे.