२५६ वर्षं जगलेला ली चिंग-युन: खुलासा

चीनच्या सिचुआन प्रांतातला ली चिंग-युन हा वैदू जिनसेंग, गोजी बेरी आणि 'हे शौ वू' नावाची मुळी खाऊन २५६ वर्षं जगला, हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो १९३३ साली वारला आणि परदेशी वृत्तपत्रांनीही ती बातमी छापली, इतकं खरं. पण जन्माचा पुरावा? १६७७ साल धरलं तर वय २५६ भरतं; तो स्वतः म्हणे १७३६ सांगायचा, म्हणजे १९७. एकाच माणसाच्या वयात ५९ वर्षांची तफावत! कागदोपत्री पडताळलेलं सर्वाधिक आयुष्य फ्रान्सच्या जान काल्माँ यांचं, १२२ वर्षांचं.

खरी काळजी त्या 'हे शौ वू' मुळीची वाटते. केस काळे होतात, म्हातारपण लांबतं म्हणून लोक ती घेतात. 'वनस्पतीच तर आहे, अपाय कसला?' असं समजू नका. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या कितीतरी नोंदी आहेत, खुद्द चीनच्या औषध नियामकांनीही इशारा दिला आहे. घेत असाल आणि डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर ती तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठा.

चीनमधल्याच ताई-ची व्यायामाने मात्र ज्येष्ठांचं पडणं कमी होतं, हे चाचण्यांत दिसलं आहे.