कोकणातील लहान कला व इतिहास संस्थांसाठी भांडवली अनुदान: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची तयारी

टिकाऊ मालमत्ता उभी करण्यासाठी किंवा विकत घेण्यासाठी शासन जी मदत देते, तिला भांडवली अनुदान म्हणतात. तालमीची खोली, छोटे नाट्यगृह, ध्वनी आणि प्रकाशयोजनेची यंत्रणा, जुनी दप्तरे ठेवण्याची कपाटे, ती कागदपत्रे टिपून घेणारा स्कॅनर या गोष्टी भांडवली खर्चात येतात. कलाकारांचे मानधन, प्रवास, वीजबिल किंवा उत्सवाचा मंडप हा आवर्ती खर्च असून त्यासाठीच्या योजना वेगळ्या आहेत. एकाच अंदाजपत्रकात दोन्ही खर्च मिसळले, तर छाननीत आवर्ती बाबी वगळल्या जातात आणि उरलेल्या प्रकल्पाचा हिशेब जुळेनासा होतो. म्हणून ही विभागणी अर्ज लिहायला बसण्यापूर्वीच करावी.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत स्टुडिओ थिएटरसह सांस्कृतिक वास्तूंसाठी इमारत अनुदानाचा घटक आहे. महानगरांबाहेर त्याची कमाल मर्यादा 25 लाख रुपये असून रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील गावांना हीच मर्यादा लागू पडते. वस्तुसंग्रह असलेल्या नोंदणीकृत संस्थांसाठी याच मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे. दशावतारी मंडळांनी मात्र प्रथम राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे पाहावे, कारण प्रयोगात्मक कलांच्या पथकांना भांडवली आणि प्रयोग अनुदान देण्याची पद्धत तेथे आहे आणि त्यासाठीचे अर्ज जाहीर सूचनेद्वारे मागवले जातात. रत्नागिरीचे 1828 सालचे नगर वाचनालय किंवा चिपळूणचे 1864 सालचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर यांच्यासारख्या जुन्या ग्रंथालयांनी स्थानिक इतिहासाची साधने जपली आहेत. अशा ग्रंथालयांसाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या साहाय्य योजनांचा मार्गही खुला असतो. प्रत्येक योजनेच्या चालू वर्षाच्या मार्गदर्शक सूचना मुळातून वाचाव्यात. शेजारच्या मंडळाने दोन वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जाची नक्कल पुढे ठेवून काम करू नये.

पात्रतेचा पहिला प्रश्न नोंदणीचा असतो आणि कोकणात तो जरा गुंतागुंतीचा होतो. बहुतेक गावांत ग्रामस्थांचे एक मंडळ असते आणि चाकरमान्यांचे मुंबईतील मंडळ दुसरे असते. काम गावात चालते, पैसा मुंबईतून येतो आणि नोंदणी दोहोंपैकी एकाचीच असते. अर्ज नोंदणीकृत संस्थेनेच करावा लागतो आणि जागा, बँक खाते, पॅन व हिशेब हे सारे त्याच संस्थेच्या नावावर असावे लागते. संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम 1950 या दोन्हींखालील नोंदणीची प्रमाणपत्रे, संस्थेची घटना व नियमावली आणि परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील विश्वस्तांच्या नोंदीचा, अद्ययावत उतारा जोडावा. या उताऱ्यावर दिवंगत झालेल्या किंवा पूर्वीच राजीनामा दिलेल्या विश्वस्तांची नावे दिसत असतील, तर अर्जावर आज सही करणाऱ्यांचा अधिकारच सिद्ध होत नाही. धर्मादाय कार्यालयात 1950 च्या याच अधिनियमाच्या कलम 22 खालील, विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा बदल अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे निवडणूक झाली की लगेच तो दाखल करणे हाच त्यावरचा उपाय आहे. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील नोंदणी आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंदही तयार ठेवावेत.

माझ्या मते सर्वाधिक काळजी जागेच्या कागदांची घ्यायला हवी. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा करआकारणीचा उतारा आहे आणि त्याने मालकी सिद्ध होत नाही. मालकीसाठी सातबारा किंवा मिळकत पत्रिका लागते. कोकणातील सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यांतील निम्मे मुंबईत किंवा पुण्यात असतात आणि काहींच्या वारसांची नोंदही झालेली नसते. एका भावकीच्या तोंडी शब्दावर वर्षानुवर्षे तालीम चालू असली, तरी त्या शब्दावर अनुदान मिळत नाही. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांचे नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा करून घ्यावा आणि त्याचा फेरफार नोंदवावा. अकरा महिन्यांचा भाडेकरार इमारतीच्या कामासाठी उपयोगाचा नाही. देवळालगतची जागा देवस्थान इनामाची असल्यास स्वतंत्र परवानगी लागते. गणेशोत्सवाला किंवा शिमग्याला सगळी भावकी गावी येते, तेव्हाच जागेचा हा विषय बैठकीत घ्यावा.

समुद्र किंवा खाडी जवळ असल्यास 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार ती जागा कोणत्या वर्गात येते, हे मंजूर नकाशावर पाहून घ्यावे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकांच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटरच्या पट्ट्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या मार्गाने परवानगी घ्यावी लागते.

अंदाजपत्रक बांधकामाचे असल्यास ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर आधारलेले आणि पात्र अभियंत्याने प्रमाणित केलेले असावे, तर साहित्य खरेदीसाठी किमान तीन दरपत्रके जोडावीत. येथे आपल्या हवेचा विचार उघडपणे मांडावा. खारी हवा लोखंड खाते, पावसाळ्यातील दमटपणात कागदाला बुरशी येते, आणि 2020 चे निसर्ग चक्रीवादळ व 2021 चा चिपळूणचा महापूर यांनी छप्पर आणि तळमजला किती असुरक्षित असतात हे दाखवून दिले. त्यामुळे गंजरोधक कपाटे, आर्द्रता कमी करणारे यंत्र, मजबूत छप्पर आणि संग्रहासाठी वरचा मजला यांवरील वाढीव खर्च अनावश्यक नाही, हे प्रकल्प अहवालात कारणांसह लिहावे. संग्रहातील शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती किंवा शिल्पे असल्यास 1972 च्या पुरावशेष कायद्याखालील नोंदणीची स्थितीही नमूद करावी.

प्रकल्प अहवाल लांबलचक नसावा, पण त्यात नेमकेपणा हवा. नमन-खेळे, जाखडी किंवा दशावतार यांचे वर्षाकाठी किती प्रयोग होतात, तालमीला कोण येते, बांधलेली खोली पुढची वीस वर्षे कोण सांभाळणार, वीज आणि दुरुस्तीचा खर्च कशातून भागणार, याची उत्तरे छायाचित्रे व वृत्तपत्रीय कात्रणांसह द्यावीत. अनुदानाबरोबर संस्थेला स्वतःचा वाटा उभारावा लागतो. त्याच्या पुराव्यासाठी बँकेचे विवरण आणि कार्यकारिणीचा ठराव जोडावा. देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणारे, 80-जी म्हणून ओळखले जाणारे प्रमाणपत्र असेल तर मुंबईकरांकडून देणग्या जमवणे सोपे जाते.

मंजुरीचे पत्र येण्यापूर्वी खरेदी किंवा बांधकाम सुरू करू नये, कारण आधी झालेला खर्च अनुदानात धरला जाईलच याची हमी नसते. वेळापत्रकात जून ते सप्टेंबर हे बांधकामाचे महिने म्हणून दाखवू नयेत. दशावतारी मंडळांनी याच महिन्यांत कागदपत्रे पूर्ण करावीत, कारण तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की सगळे मंडळ रोज वेगळ्या गावी असते.

केंद्राचे अनुदान मिळाल्यावर ते स्वतंत्र खात्यात ठेवावे आणि त्यावरील व्याजाचाही हिशेब द्यावा. पैसा मंजूर कामासाठीच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नमुना 12-अ मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत सादर करावे लागते. ते थकले तर पुढचा हप्ता थांबतो. अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची मालमत्ता नोंदवहीत नोंद करावी. अशी वस्तू शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता किंवा दुसऱ्या कामासाठी वळवता येत नाही, हे नव्या कार्यकारिणीला पदभार देताना लेखी कळवावे.